डीएसएलआरचा फोटो शार्प येत नाही, तेव्हा दोष कुठे शोधावा

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर झकास दिसलेला फोटो संगणकावर उघडला की पुसट निघतो, आणि बहुतेकांचा पहिला संशय लेन्सवर जातो. खरे तर लेन्स सर्वांत शेवटी तपासावी. फोटो हलल्याने येणारा पुसटपणा वेगळा, फोकस चुकल्याने येणारा वेगळा आणि मळलेल्या काचेतून येणारा वेगळा. प्रत्येकाची खूण फोटोतच उमटलेली असते. ती खूण न वाचता सेटिंग बदलत बसलो, तर नेमके काय बदलल्याने काय सुधारले हेच कळत नाही.

फोटो संगणकावर १०० टक्के आकारात पाहावा, मात्र त्या आकारात काय दिसते आहे याचे भान ठेवावे. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर त्याच्या रुंदीचा तिसरा हिस्साही एका वेळी मावत नाही. इतक्या जवळून कडा किंचित मवाळ दिसणे हा दोष नव्हे. ५० टक्क्यांवर आणल्यावरही डोळ्यांच्या पापण्या किंवा झाडाची पाने एकमेकांत मिसळलेली दिसत असतील, तरच पुढचा शोध घ्यावा. काही सॉफ्टवेअर फोटो उघडताना आधी कमी पिक्सेलची प्रतिमा दाखवतात, त्यामुळे क्षणभर थांबून मगच मत बनवावे.

आता फोटोत एखादा बारीक, चमकदार ठिपका शोधावा: दूरचा दिवा, भांड्यावरची चकाकी, डोळ्यातले प्रकाशाचे प्रतिबिंब. ठिपक्याची छोटी रेघ झाली असेल आणि चौकटीतल्या सगळ्याच ठिपक्यांच्या रेघा साधारण एकाच दिशेने ओढलेल्या असतील, तर कॅमेरा हलला आहे. भिंत, खुर्ची, टेबल स्वच्छ आणि फक्त माणसाचा हात फराटल्यासारखा असेल, तर माणूस हलला आहे. ठिपका रेघ न होता गोल फुगला असेल, तर फोकसचा संशय घ्यावा आणि जमीन, गवत किंवा सतरंजी असा पुढून मागे जाणारा एखादा पृष्ठभाग पाहावा. त्याच्यावर कुठेतरी शार्प पट्टा सापडतो आणि फोकस प्रत्यक्षात कुठे पडला ते तो सांगतो. कुठेच काही शार्प नाही, रेघही नाही आणि सगळ्यावर पातळ धुके पसरल्यासारखे दिसते, तर काच, फिल्टर, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) किंवा हवा यांच्याकडे वळावे.

माझ्या अनुभवात सर्वाधिक फोटो हलल्यामुळे बिघडतात आणि लोक तेच सर्वांत उशिरा मान्य करतात. हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा काळ) निदान फोकल लेंग्थच्या (लेन्सच्या मिमीमधल्या आकड्याच्या) व्यस्ताइतका वेगवान असावा, असा जुना संकेत आहे: २०० मिमी लेन्सला १/२०० सेकंद. हा संकेत ३५ मिमी फिल्मच्या काळातला असल्याने क्रॉप सेन्सरवर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर) तो वेग १.५ किंवा १.६ पट करावा लागतो, म्हणजे त्याच लेन्सला १/३२० सेकंद. आजचे सेन्सर इतके बारकावे टिपतात की मी त्याहून दुप्पट वेग धरतो. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवावा लागला तर बेलाशक वाढवावा. दाणेदार फोटो नंतर बराच सावरता येतो, हललेला सावरत नाही. डावा तळहात लेन्सखाली, कोपरे छातीशी, आणि शटरचे बटण टोचल्यासारखे न दाबता बोट हळूहळू खाली रोवत न्यावे.

ट्रायपॉडवर लावला म्हणजे कॅमेरा स्थिर झाला असे समजू नये. बटण दाबल्याचा धक्का काही क्षण टिकतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरकडे (डोळा लावून पाहायच्या खिडकीकडे) प्रकाश वळवणारा आरसा वर उचलला जातानाही हादरा बसतो. साधारण १/३० ते १/४ सेकंदांच्या दरम्यानच्या शटर स्पीडला तो जास्त जाणवतो, कारण उघड्या शटरच्या काळाचा मोठा भाग त्या कंपनातच जातो. मिरर लॉक-अप किंवा लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर पाहून फोटो घेण्याची सोय) वापरल्यास आरसा आधीच वर असतो. स्थिरीकरणाची सोय असलेल्या जुन्या लेन्सवर ती ट्रायपॉडवर बंद ठेवावी, नाहीतर नसलेले कंपन शोधत ती स्वतःच प्रतिमा हलवत राहते. हे स्थिरीकरण फक्त आपला हात सावरते, समोरचा माणूस नाही. चालणाऱ्या व्यक्तीला साधारण १/२५०, धावणाऱ्या मुलांना १/५०० ते १/१००० आणि उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून अधिक वेग लागतो.

फोकसच्या चुकांत पहिला वाटा फोकस-बिंदूंच्या स्वयंचलित निवडीचा आहे. सगळे बिंदू कॅमेऱ्याच्या हवाली केले की व्ह्यूफाइंडरमधून तो बहुधा जवळची, ठळक कडा असलेली वस्तू पकडतो, आणि चेहऱ्याऐवजी पुढची फांदी शार्प येते. एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. स्थिर विषयासाठी वन शॉट किंवा एएफ-एस (एकदा फोकस करून थांबणारी पद्धत) आणि हलत्या विषयासाठी एआय सर्वो किंवा एएफ-सी (सतत फोकस करत राहणारी पद्धत) ही निवड उलटी झाली, तरी फोटो बिघडतात: सर्वोमध्ये मधल्या बिंदूने चेहरा पकडून चौकट बाजूला सरकवली की कॅमेरा लगेच मागच्या भिंतीवर फोकस करतो. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्स एफ/१.८ ला उघडून (एफचा आकडा जितका लहान, तितके अ‍ॅपर्चर मोठे) एक मीटरवरून चेहरा टिपला, तर शार्प दिसणाऱ्या भागाची पुढून मागची जाडी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर असते. फोटो काढणारा श्वास घेताना थोडा पुढे झुकला तरी डोळ्याऐवजी कान शार्प येतो. अशा वेळी एफ/२.८ किंवा एफ/४ वर यावे आणि लागोपाठ तीन-चार फोटो काढावेत. लेन्सवरची कळ चुकून एमएफवर (हाताने फोकस करण्यावर) गेलेली नाही ना, आणि आपण लेन्सच्या किमान फोकस अंतरापेक्षा जवळ नाही ना, हेही पाहावे. व्ह्यूफाइंडरशेजारची डायॉप्टरची चकती फक्त आपल्याला दिसणारे चित्र बदलते, ऑटोफोकसवर तिचा परिणाम नाही. पण हाताने फोकस करणाऱ्याला ती हमखास फसवते.

एवढे करूनही शंका राहिली, तर एक चाचणी करावी. बारीक अक्षरांचे छापील पान सपाट भिंतीवर चिकटवून कॅमेरा ट्रायपॉडवर त्याच्याशी समांतर लावावा, अंतर फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट ठेवावे, अ‍ॅपर्चर सर्वांत मोठे उघडावे. प्रत्येक वेळी फोकस आधी मुद्दाम बिघडवून पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि पाच लाइव्ह व्ह्यूमध्ये घ्यावेत. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना आरशाखालचा वेगळा सेन्सर काम करतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांत मुख्य सेन्सरच. म्हणून लाइव्ह व्ह्यूचे पाचही फोटो शार्प आणि दुसरे पाच सारखेच पुसट आले, तर कॅमेरा आणि लेन्स यांच्या जुळणीत फरक आहे. फोकस पुढे पडतो की मागे, हे ४५ अंशांत तिरकी ठेवलेली मोजपट्टी सांगते. कॅमेऱ्यात ऑटोफोकस फाइन-ट्यूनची सोय असेल, तर त्या लेन्सपुरती दुरुस्ती तिथेच करता येते. स्वस्त मॉडेलमध्ये ती सहसा नसते. दोन्ही गट पुसट असतील, तर ऑटोफोकसला दोष देण्यात अर्थ नाही.

धुक्यासारख्या पुसटपणाचा एक किस्सा सांगण्याजोगा आहे. माझ्या ७०-३०० मिमी लेन्सने टिपलेल्या पक्ष्यांच्या फोटोंत प्रत्येक काटकीला शेजारी एक फिकट जोडकाटकी दिसे. शटर स्पीड वाढवला, ट्रायपॉड बदलला, फोकसच्या चाचण्या केल्या, आणि शेवटी काच पुसायची म्हणून पुढचा स्वस्त यूव्ही फिल्टर काढला, तर जोडकाटक्या नाहीशा! तेव्हापासून कुठलीही चाचणी मी फिल्टर काढूनच सुरू करतो. पुढच्या काचेवरचा बोटाचा ठसा आणि थंड खोलीतून दमट हवेत आल्यावर धरलेली वाफ यांमुळेही असेच धुके पसरते. वाफ पुसत बसू नये, ती आपोआप उडू द्यावी. भर उन्हात लांबच्या वस्तू पुसट येतात त्या तापलेल्या हवेच्या थरथरीने. तिथे महागडी लेन्सही हात टेकते. सकाळी लवकर जावे किंवा विषयाच्या जवळ जावे.

अ‍ॅपर्चरची दोन्ही टोके शार्पपणाला मारक असतात. पूर्ण उघडल्यावर बऱ्याच लेन्स थोड्या मवाळ असतात, आणि एफ/१६ किंवा एफ/२२ ला विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) संपूर्ण फोटो एकसारखा पुसटतो. बहुतेक लेन्स एफ/५.६ ते एफ/८ ला उत्तम काम करतात. रॉ फाइल प्रक्रिया न केलेली असल्याने मवाळच दिसते, शार्पनिंग नंतर करायचे असते. जेपीईजी पुसट असेल, तर पिक्चर स्टाइलमधली शार्पनेसची पातळी आणि जास्त आयएसओला कॅमेरा करत असलेले नॉइज रिडक्शन (दाणे कमी करण्याची प्रक्रिया) पाहावे. मात्र हललेला फोटो शार्पनिंगने सुधारत नाही, कडांभोवती पांढरी किनार तेवढी येते.

शेवटी लेन्स. चौकटीची एकच बाजू नेहमी पुसट येत असेल, तर विटांच्या सपाट भिंतीचा एफ/५.६ ला एक फोटो घ्यावा आणि कॅमेरा उलटा करून त्याच भिंतीचा दुसरा घ्यावा. दोन्ही फोटो न फिरवता पाहिल्यावर चौकटीचा तोच कोपरा पुसट असेल, तर लेन्समधील एखादी काच जागेवरून सरकली आहे. पुसटपणा भिंतीच्या त्याच भागाबरोबर जात असेल, तर आपणच कॅमेरा भिंतीशी समांतर लावला नव्हता. पहिल्या प्रकारात सेवा केंद्रात लेन्स देताना हे दोन्ही फोटो, फाइलमधली माहिती न पुसता, सोबत द्यावेत. ‘फोटो नीट येत नाहीत’ एवढेच सांगितले, तर लेन्स बहुधा नुसती साफ होऊन परत येते.