बोडीतल्या माशांना करंट लागतोय का? या चुका टाळा

भंडारा जिल्ह्यातली आमची बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, जेमतेम अर्ध्या एकराची. धानाच्या परह्यांना (लावणीच्या रोपांना) पाणी द्यायला तिच्यात सबमर्सिबल मोटर, आणि त्याच पाण्यात रोहू-कतला. एका जूनमध्ये मोटरच्या बाजूला रोज चार-दोन मासे उताणे दिसू लागले. ऑक्सिजन कमी पडला असेल म्हणून मी चुना टाकला, शेण टाकणं थांबवलं. आठवडा असाच गेला. मग काठावर पाय धुताना गडी म्हणाला, "काकाजी, पायाले मुंग्या येऊन रायल्या." केबलचा पाण्यातला जोड उघडा पडला होता. त्या आठवड्यात मोटर चालू असताना पोरं पोहायला उतरली नाहीत, एवढ्यावरच निभावलं.

मेलेला प्रत्येक मासा ऑक्सिजनच्या खाती टाकू नका. ऑक्सिजन कमी असला की पहाटे सगळ्या बोडीभर मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि ऊन चढलं की खाली जातात. करंटचं तसं नसतं. मोटर चालू असेल तेव्हाच, तिच्याच आसपास मासा झटके देतो, ताठ होतो, कुशीवर पडतो. मोठेच मासे मेले यावरून मात्र काही ठरवू नका. ऑक्सिजन घटला तरी मोठे आधी जातात आणि करंटमध्येही तेच, कारण माशाला झटका बसतो तो त्याच्या तोंडाजवळच्या आणि शेपटीजवळच्या व्होल्टेजमधल्या फरकाचा. मासा जितका लांब, तितका फरक जास्त.

ताजा मेलेला मासा पाठीतून चिरून पाहा. माझ्या दीड किलोच्या कतल्यात काट्याला लागून काळपट रक्ताची गाठ होती आणि मणका मधोमध मोडलेला. बाहेरून अंगावर ओरखडाही नव्हता. त्याच्याच स्नायूंनी इतक्या जोरात आखडून तो मोडला होता. प्रत्येक माशात ही खूण सापडेलच असं नाही, म्हणून ती दिसली नाही तरी मोटर तपासाच.

पाण्यात हात घालून किंवा टेस्टर बुडवून बघू नका. टेस्टर पेटला नाही म्हणजे पाणी सुरक्षित, असं मुळीच नाही. नुसता स्टार्टर बंद करूनही भागत नाही. सिंगल फेजच्या कित्येक स्टार्टर पेट्यांमध्ये बंद केल्यावर एकाच तारेचा पुरवठा तुटतो, दुसरीत वीज राहू शकते. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मगच मोटर वर ओढा. वायरमनकडून मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या. पाण्यातल्या जोडाला साधी काळी टेप गुंडाळू नका, वॉटरप्रूफ जोडच हवा. अर्थिंग नीट करून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा.

काही जण मासे मारायला खांबावर आकडा टाकून पाण्यात विजेची तार सोडतात. 'तार टाकली की मासे तारेकडे येतात' हा त्यांचा समज सोडा. हे खरं आहे ते डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटपुरतं. त्यात मासा पॉझिटिव्ह टोकाकडे ओढल्यासारखा पोहत जातो. संशोधक माशांची गणती करताना हाच गुण वापरतात, मोजतात आणि परत सोडतात. खांबावरची वीज एसी, तिची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. माशाला जायला दिशाच उरत नाही, तो जागच्या जागी आखडतो. वर आलेले तेवढे हाती लागतात, बाकीचे तळाशी बसतात. निसटलेल्यांतही काही आतून मोडलेले असतात. पहिल्या पावसात नाल्याला चढणीचे मासे लागतात, त्यांच्या पोटात अंडी असतात. तिथे तार टाकणं म्हणजे पुढच्या सालचं बियाणंच जाळणं. याची मला खरोखर चीड आहे.

आणि माणूस? आपलं रक्त खारं, त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा आपल्या अंगातून वीज सहज वाहते. हातपाय आखडले की माणूस गुडघाभर पाण्यातही बुडतो. शिवाय आकडा टाकणं ही विजेची चोरी आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नाल्यात कोणी तार सोडलेली दिसली तर ती काठीनेसुद्धा ओढू नका. लाइनमनला फोन करून डीपी बंद करायला लावा आणि तोवर पोरंढोरं काठापासून दूर ठेवा.