ओरल इम्युनोथेरपी: घरी रोजचा डोस देताना

ज्या पदार्थाची मुलाला ॲलर्जी आहे तोच पदार्थ अगदी सूक्ष्म मात्रेत रोज खाऊ घालायचा आणि काही महिन्यांत ती मात्रा हळूहळू चढवत न्यायची, ही ओरल इम्युनोथेरपी. मात्रा वाढवतात ती डॉक्टरांच्या समोर, त्यानंतर मुलाला तासभर तरी तिथेच थांबवून. पण वर्षभरातले बहुतेक डोस घरी, आईवडिलांच्या हातून दिले जातात आणि नीट पाहिलं तर अवघड भाग तोच आहे. काल निमूट पचलेला डोस आज त्रास देऊ शकतो. तो का, हे ज्या घराला नीट समजलंय तिथे ही उपचारपद्धती बरीच सुरक्षितपणे चालते. ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय मात्र हा प्रयोग कुणीही घरी सुरू करू नये.

आधी अपेक्षा नेमकी ठेवा. शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी ‘पॅल्फोर्झिया’ या औषधी पावडरीला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली, ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी; २०२४ मध्ये १ ते ३ वर्षांची मुलंही त्यात आली. मोठ्या मुलांत पहिल्या दिवशी ०.५ मिलीग्रॅम प्रथिनापासून ६ मिलीग्रॅमपर्यंत पायरीपायरीने जातात. मग रोज ३ मिलीग्रॅम, आणि साधारण दर दोन आठवड्यांनी एकेक पायरी चढत ३०० मिलीग्रॅम, म्हणजे जेमतेम एक शेंगदाणा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत उपचार घेतलेल्या ४ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना शेवटी ६०० मिलीग्रॅम प्रथिन सोसलं. नुसती बिनऔषधाची पावडर घेणाऱ्यांत ४ टक्के. याचा अर्थ चुकून पोटात गेलेल्या घासापासून संरक्षण. ॲलर्जी गेली असा नव्हे. वेष्टनावरचे घटक वाचणं, बाहेर खाताना विचारणं, गंभीर प्रतिक्रियेत द्यायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ बाळगणं हे सगळं चालूच राहतं, आणि डोस थांबवला तर बऱ्याच मुलांत हे संरक्षण ओसरतं.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री हवी: दमा आटोक्यात आहे आणि अन्ननलिकेला इओसिनोफिलिक दाह (ॲलर्जीशी निगडित पांढऱ्या पेशी साठून येणारी सूज) नाही. आटोक्यात नसलेला दमा असेल तर थांबणंच शहाणपणाचं, कारण गंभीर प्रतिक्रियेत जीव धोक्यात येतो तो बहुधा श्वासामुळे.

मोजमाप

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डॉक्टर मात्रा सांगतात ती प्रथिनाची, तुम्ही मोजता तो पदार्थ. तेल काढलेल्या शेंगदाणा पिठात साधारण निम्मं प्रथिन असतं, म्हणजे १०० मिलीग्रॅम प्रथिनासाठी सुमारे २०० मिलीग्रॅम पीठ. पीनट बटरमध्ये प्रथिन जवळपास पाव भाग. दुधाच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे ३३ मिलीग्रॅम. त्यामुळे डॉक्टरांकडून दोन्ही आकडे लिहून घ्या, प्रथिनाचा आणि पदार्थाचा, आणि विचारल्याशिवाय ब्रँड बदलू नका.

पीठ मोजायला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो, अगदी लहान मात्रांना त्याहून बारीक. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमचा काटा इथे कुचकामी आहे, आणि चमचा तर नकोच. दूध सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. फार लहान मात्रा हवी असेल तर १ मिलिलिटर दुधात ९ मिलिलिटर पाणी घातलं की त्या मिश्रणाच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे ३.३ मिलीग्रॅम प्रथिन येतं. मिश्रण रोज ताजं करायचं आणि नीट ढवळायचं.

पदार्थाचं रूपही बदलू नका. उष्णतेने प्रथिनाची घडण बदलते. केकमध्ये भाजलेलं अंडं सोसतं म्हणून अर्धवट शिजलेलं अंडं सोसेलच असं नाही. उकडलेला शेंगदाणा भाजलेल्यापेक्षा सौम्य असतो.

पावडर एकदोन चमचे मऊ, गार किंवा साध्या तापमानाच्या पदार्थात कालवा: सफरचंदाचा गर, पुडिंग, दूध चालत असेल तर दही. प्रमाण थोडंच ठेवा, नाहीतर मूल अर्धं टाकतं आणि किती पोटात गेलं ते कळत नाही. पुडी तोंडापासून लांब धरून उघडा. भुकटी श्वासात गेली तर दम्याचा झटका येऊ शकतो. मुलाच्या सर्वांत आवडत्या पदार्थात डोस लपवू नका. काही दिवसांत ते डोसही नाकारतं आणि तो पदार्थही.

वेळ

डोसनंतरचे दोन तास हा उपचाराचाच भाग समजा. पळापळ, पोहणं, सायकल, गरम पाण्याची अंघोळ यांतलं काहीही त्या वेळात नको. नुकतंच खेळून आलं असेल तर धाप आणि घाम शांत होईपर्यंत थांबा. डोस नेहमी भरल्या पोटी द्या. झोपण्याच्या तोंडावर कधीच देऊ नका, कारण झोपेत सुरू झालेली प्रतिक्रिया कुणाच्या लक्षात येत नाही. शाळेपूर्वीची वेळ आम्हाला पसंत नाही. घाई असते, पुढे खेळाचा तास असतो आणि लक्ष ठेवणारं माणूस बरोबर नसतं. शाळेतून आल्यावर खाणं, मग डोस, मग बैठा अभ्यास, हा क्रम बहुतेक घरांत टिकतो. इंजेक्शन देता येणारी मोठी व्यक्ती त्या वेळात घरातच हवी.

यामागचं कारण असं की व्यायामाने किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकाने आतड्याच्या अस्तरातून प्रथिन जास्त प्रमाणात रक्तात शिरू शकतं. ताप, जागरण, पोट बिघडणं, मुलींमध्ये पाळी यांनीही सहनशक्तीची पातळी खाली येते. म्हणून ताप, उलट्या किंवा दम्याचा त्रास असेल त्या दिवशी डोस देऊ नका, आणि दवाखान्यात फोन करा. दात पडून जखम झाली असेल किंवा तोंड आलं असेल तरी आधी विचारा.

एकदोन दिवस खंड पडला तर बहुधा तोच डोस पुढे चालू ठेवतात. तीन किंवा जास्त दिवस चुकले तर पूर्ण डोस घरी देऊ नका. किती कमी करायचा आणि तो कुठे द्यायचा, हे डॉक्टर ठरवतील. चुकलेला डोस भरून काढायला दुप्पट देणं धोक्याचं आहे.

त्रास झाला तर

तोंडात खाज, ओठांभोवती चारदोन गांधी, थोडी पोटदुखी हे नेहमीचं. डॉक्टरांनी दिलेल्या लेखी योजनेत असेल ते अँटीहिस्टामिन (खाज-गांधी कमी करणारं ॲलर्जीचं औषध) द्या आणि नजर हटवू नका. ते रोज डोसआधी स्वतःच्या मनाने देऊ नका, सुरुवातीच्या खुणा झाकल्या जातात.

खोकल्याची ढास, छातीत शिट्टीसारखा आवाज, आवाज बसणं, पुन्हा पुन्हा उलट्या, अंगभर गांधी आणि त्याबरोबर पोटात कळा, किंवा मूल एकाएकी फिकट, निपचित पडणं हे दिसलं की:

१. लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर ॲड्रेनलिन द्या. अँटीहिस्टामिनचा परिणाम बघत बसू नका. ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अशी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया, थांबवत नाही.
२. आडवं झोपवा, पाय वर. श्वास लागत असेल तर बसू द्या. उभं करू नका, चालवू नका.
३. रुग्णवाहिका बोलवा. ५ ते १५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं इंजेक्शन द्या. म्हणूनच दोन जवळ ठेवायची.

बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, लक्षणं काही तासांनी उलटू शकतात. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्यावरच.

अधूनमधून होणारी पोटदुखी वेगळी आणि आठवडेच्या आठवडे चालणारी वेगळी. मूल फार सावकाश जेवतंय, प्रत्येक घासाला पाणी मागतंय, घास अडकतो म्हणतंय, तर अन्ननलिकेच्या दाहाची शंका घ्या आणि न लपवता सांगा. उपचार थांबवल्यावर तो बहुधा शमतो. यासाठीच रोजची नोंद हवी: डोस, वेळ, आधी काय खाल्लं, आजारपण, लक्षणं.

मूल रोज रडत असेल, घाबरत असेल तर थांबण्याचा विचारही डॉक्टरांपुढे मांडा. तो पदार्थ काटेकोरपणे टाळणं हाही तितकाच रास्त मार्ग आहे. चालू ठेवणार असाल तर प्रत्येक भेटीत इंजेक्शनची मुदत आणि मुलाचं वजन तपासून घ्या. ०.१५ मिलीग्रॅमचं पेन (ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन) लहान मुलांचं; वजन २५ ते ३० किलोच्या घरात आलं की ०.३ मिलीग्रॅमचं घ्यायचं का, ते विचारा. शाळेत ठेवलेलं पेनही त्याच वेळी बदला.