मसाला भरताना नरसाळ्याला पूड का चिकटते, आणि काय करायचं

होळी उलटली की नागपुरात वर्षाचं तिखट करण्याची घाई सुरू होते. कळमन्यातून मिरची येते, चक्क्या रात्री उशिरापर्यंत चालतात आणि नेमक्या याच दिवसांत हवा सर्वांत कोरडी असते. मग प्लास्टिकच्या नरसाळ्यातून पाकिटं भरताना पूड आतल्या भिंतीला धरून बसते, नळीच्या तोंडाशी साचते आणि पाकिटाच्या काठावर उडून सील बिघडवते. दोष बहुतेक वेळा दळणाला दिला जातो. खरं कारण म्हणजे कोरडी हवा आणि घासणं.

पूड प्लास्टिकवरून घसरली की दोघांवर विरुद्ध जातीचा विद्युतभार येतो आणि ती एकमेकांना ओढतात. हवेत पुरेसा ओलावा असेल तर वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर राहतो आणि भार त्यावरून निघून जातो. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. मग तो थर उरत नाही आणि भार तिथेच अडकतो. हीच स्थिर वीज. पूड जितकी बारीक, तितका हा त्रास जास्त, कारण हलक्या कणाला खाली खेचणारं वजनच कमी पडतं.

आधी खात्री करा की हा प्रकार स्थिर विजेचाच आहे. नरसाळं रिकामं करून सुती दोऱ्याचं टोक भिंतीजवळ न्या. दोरा ओढला गेला तर भार आहे. मग चिकटलेली पूड पांढऱ्या कागदावर दाबून पाहा. तेलकट डाग उमटला तर मिरचीच्या बियांचं किंवा कुटताना घातलेलं तेल चिकटतंय, आणि त्याला अर्थिंगचा, म्हणजे भार जमिनीत सोडणाऱ्या तारेचा, उपयोग नाही. तिसरं कारण गरम पूड. चक्कीतून निघालेलं तिखट हाताला चटका लागेल इतकं तापलेलं असतं. ते लगेच भरलं तर वाफ थंड नळीवर आणि पाकिटात धरते. शिवाय दळताना कणांवर भरपूर भार चढलेला असतो. म्हणून पूड चाळून झाकणाच्या स्टीलच्या पिंपात रात्रभर ठेवा आणि पिंपाला अर्थिंग द्या. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

आता नरसाळं. प्लास्टिकच्या नरसाळ्याला तार बांधून अर्थिंग देणारे बरेच भेटतात. त्याचा काहीच फायदा नाही, कारण प्लास्टिकमधून भार वाहतच नाही. तार जिथे टेकते तेवढीच जागा मोकळी होते. स्टेनलेस स्टीलचं नरसाळं घ्या, आतून गुळगुळीत पॉलिश केलेलं. शंकूचा कोन ६० अंशांच्या आसपास असावा, पसरट नसावा. नळी २५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. बारीक नळीत पूड कमान धरून अडकते, आणि लोक ती कमान स्थिर विजेच्या नावावर खपवतात. पाकिटाच्या तोंडात जाईल तेवढी जाड नळी चालेल.

स्टीलचं नरसाळं लाकडी किंवा प्लास्टिकच्या स्टँडवर लटकवलं तर गंमत होते: भार साठतो आणि हात लागला की ठिणगी उडते. म्हणून नरसाळ्याच्या कानाला नट-बोल्टने तांब्याची लवचीक तार घट्ट कसा आणि तिचं दुसरं टोक इमारतीच्या अर्थिंगला जोडून घ्या. हे काम वायरमनकडूनच करवा. न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपला जोडायचं नाही. स्टँड रंगवलेला असेल तर जोडाच्या जागचा रंग खरवडून काढा. रंगावर आवळलेला बोल्ट दिसायला छान, कामाला शून्य. मशीनचा प्लग काढून मल्टीमीटरने नरसाळं आणि अर्थिंग यांच्यामधला रोध मोजा. १० ओहमच्या आत आला की जोड चांगला आहे.

इथे विदर्भाची एक खास अडचण आहे. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडची मातीशी पकड सुटते. पावसाळ्यात ठीक मोजलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये ठीक असेलच असं नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर नियमाने पाणी घाला.

हवेसाठी एक स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) भरण्याच्या टेबलाजवळ लावा. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवायची. त्याहून वर गेलात तर तिखट ओलावा ओढून गुठळ्या धरतं, आणि मिरची पुडीतला ओलावा ११ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. वाळ्याचा कूलर घरोघरी असतोच, पण त्याचा झोत टेबलावर सोडू नका: पूड उडते आणि पाण्याचे थेंब येतात. कूलर शेजारच्या खोलीत ठेवा आणि दारातून येणारी हवा पुरू द्या. त्याहून सोपं म्हणजे भराई पहाटे सहा ते दहा या वेळात उरकणं. तोच ओलावा थंड हवेत जास्त टक्के भरतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर दुपारी भरायला बसूच नये.

पाकिटं स्वतःच भारलेली असतात. गठ्ठ्यातून एकेक झटक्यात ओढलं की आतल्या पॉलिथीनच्या थरावर भार येतो, म्हणून हळू सोडवा. नळीचं टोक पाकिटाच्या काठापासून किमान ४ सेंटीमीटर खाली जाऊ द्या, पूड सावकाश सोडा, दोन-तीन सेकंद थांबा आणि मग नळी सरळ वर काढा. सीलच्या पट्टीत पूड अडकली तर पाकीट वरून बंद दिसतं, पण दाबलं की हवा सुटते. दर वीस पाकिटांमागे एक दाबून पाहा.

नळीत राहिलेल्या पुडीमुळे वजन कमी भरतं. १०० ग्रॅमच्या पाकिटात कायद्याने ४.५ ग्रॅमपर्यंत फरक चालतो, पण तो ठरवून घेण्यासाठी नाही. भरलेलं पाकीट तोला, भरण्याआधीची पूड नव्हे.

नरसाळं धुतल्यावर कोरड्या कापडाने घासून पुसू नका. उलटं ठेवून हवेवर वाळवा. कपडे मऊ करणारं द्रव किंवा त्याची पट्टी आतून फिरवण्याचा उपाय काही जण सांगतात. खाण्याच्या वस्तूला तो अजिबात नको, वास आणि रसायन दोन्ही मसाल्यात उतरतात. मोठ्या युनिटमध्ये भार मोडण्यासाठी आयन (हवेतले भारलेले कण) सोडणारा ब्लोअर लावतात. तो जवळ असला तरच नीट काम करतो. मात्र त्यात उच्च दाबाची वीज असते, त्यामुळे दळण्याच्या, पूड उडणाऱ्या खोलीत त्याला जागा नाही. हळद, तिखट, साखर यांची हवेत तरंगणारी बारीक धूळ पेट घेऊ शकते. त्या खोलीत शेगडीही नको, आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्या.

जून संपता संपता पाऊस लागला की चिकटण्याचा प्रकार आपोआप थांबतो. तेव्हा कूलर बंद करा, पिंपाचं झाकण घट्ट लावा आणि नरसाळ्याची तार तशीच राहू द्या. पाऊस संपून थंडीची कोरडी हवा सुटली की तिची पुन्हा गरज लागते.