पावसाळ्यात कुंडीतली झाडं का मरतात? बाल्कनी-गच्चीवाल्यांनो, या चुका टाळा

जुलै संपत आला की माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. मोगरा मान टाकून बसलेला, कढीपत्ता पिवळा पडलेला, आणि खाली लिहिलेलं असतं, ताई पाऊस एवढा चांगला चाललाय तरी झाड का सुकतंय, अजून पाणी घालू का? मी प्रत्येकीला आधी हेच सांगते की पाणी राहू दे, कुंडी तिरकी कर आणि खालचं भोक बघ.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ठाण्यात आमच्या गच्चीवर चार वर्षांचा कढीपत्ता होता, माझ्या कमरेएवढा, अख्ख्या मजल्याच्या फोडणीला पुरायचा. एका पावसाळ्यात त्याची पानं लोंबायला लागली, मला वाटलं दोन दिवस ऊन पडलंय म्हणजे तहानला असेल, म्हणून मी रोज तांब्याभर पाणी घालत राहिले, आठवडाभर. शेवटी कुंडी उलटी केली तर मातीचा गोळा अख्खा बाहेर आला, खाली नुसता काळा चिखल आणि गटारासारखा वास. मुळं हातात धरली तर वरचं साल ओल्या कागदासारखं निघून आलं आणि आत नुसता दोरा उरला. भोकावर मीच ठेवलेली खापरी होती आणि तिच्यावर मुळं-माती बसून ते पार बुजलेलं होतं. त्या झाडाचं मला आजही वाईट वाटतं.

तर कारण समजून घ्या, मग बाकी सगळं आपोआप कळतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमध्ये जी पोकळी असते तिथे ती हवा असते, आणि पाणी साचून राहिलं की ती पोकळी भरते, मूळ गुदमरतं, मग कुजवणारी बुरशी चढते. मूळ मेलं की ते पाणी वर ओढणारच नाही, म्हणजे चिखलात उभं असलेलं झाडसुद्धा तहानल्यासारखं दिसतं, आणि आपण तांब्या घेऊन धावतो. जास्त पाण्याने सुकलेलं झाड आणि कमी पाण्याने सुकलेलं झाड वरून जवळजवळ सारखंच दिसतं. फरक मातीत कळतो. बोट दोन पेरं आत घाला, गार आणि चिकट लागलं तर हात मागे घ्या. कुंडी उचलता येत असेल तर वजनावरूनही समजतं, दोन-चार दिवसांत हाताला सवय होते.

पाणी किती पडतं याचा अंदाजही आपल्याला नसतो. पावसाचा एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. बाराइंची कुंडीच्या तोंडावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की जवळपास सात लिटर पाणी त्यात गेलं, आणि जोराच्या पावसाच्या दिवसात ठाणे-मुंबईकडे एका दिवसात एवढा पडणं काही नवीन नाही. ते सात लिटर खालून निघून गेलंच पाहिजे.

म्हणून पहिली गोष्ट, कुंडीखालच्या प्लेटा जूनमध्येच काढून ठेवा. ही चूक मी सगळ्यात जास्त बघते. त्यात पाणी साचतं, मुळं त्यात बुडून राहतात, शिवाय डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास उडायला लागतात. फरशी खराब होते म्हणून प्लेट लागतच असेल तर रोज ओता, अगदी रोज. कुंड्या थेट गच्चीवर न ठेवता दोन विटांवर किंवा फरशीच्या तुकड्यांवर ठेवा, मध्ये बोटभर जागा राहिली पाहिजे. आणि सळईने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने खालचं भोक पंधरा दिवसांतून एकदा मोकळं करा.

आता एक गोष्ट सांगते ती बऱ्याच जणांना पटत नाही. निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाला खडीचा जाड थर द्यायचा असं सगळेच सांगतात, माझी आईही द्यायची. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच थांबतं, म्हणजे चिखलाचा थर उलट मुळांच्या जवळ येतो आणि मातीची जागाही कमी होते. भोकावर जाळीचा छोटा तुकडा पुरे. निचरा सुधारायचा तर अख्खी मातीच मोकळी करा. मी एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा घेते, थोडं भाताचं तूसही घालते. नर्सरीवाले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरभरून घालतात, ते मार्च-एप्रिलला ठीक आहे कारण ते पाणी धरून ठेवतं, पण जुलैत नेमकं तेच नडतं.

झाड आधीच लोंबलं असेल तर लगेच टाकून देऊ नका. कुंडीतून काढा, काळी मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा, पांढरी-करकरीत राहू द्या, वरच्या फांद्याही तेवढ्याच छाटा कारण उरलेल्या मुळांना एवढा पसारा पोसता येणार नाही. नव्या कोरड्या मिश्रणात लावा आणि पावसाच्या आड, उजेडात ठेवा. आणि प्लीज तेव्हा खत घालू नका, आजारी माणसाला कोणी श्रीखंड-पुरी वाढतं का.

बाल्कनीवाल्यांची चूक मात्र याच्या बरोबर उलटी. बाहेर धो-धो कोसळतंय म्हणून यांनी नळाला हातच लावलेला नसतो, आणि वरच्या स्लॅबमुळे आतल्या ओळीत थेंबही पडलेला नसतो. मोठ्या पानांचं झाड असेल तर त्याची छत्री होऊन शेजारची कुंडीसुद्धा कोरडी राहते. माझी बहीण सोलापूरला असते, तिच्याकडे वर्षाचा पाऊस आमच्या चौथ्या हिश्शाएवढा असेल, तिला पावसाळ्यातही पाणी घालावंच लागतं. त्यामुळे कुणाचंही ऐकू नका, माझंसुद्धा, आपल्या मातीत बोट घाला.

खताचं सांगायचं तर भर पावसात युरिया-डीएपी टाकणं म्हणजे पैसे गटारात सोडणं. पण पावसाने मातीतलं नत्र धुऊन जातं आणि जुनी खालची पानं पिवळी पडतात हेही खरं, तेव्हा दोन दिवसांची उघडीप बघून मूठभर गांडूळखत वर पसरा, बास. भाज्यांची सालं, दुधासाखरेच्या चहाचा चोथा थेट कुंडीत टाकायची सवय असेल तर हे चार महिने तरी बंद ठेवा, ते कुजत नाही नुसतं सडतं आणि चिलटं होतात. कंपोस्टच्या डब्यात टाका, वर कोरडा पाला घाला.

गोगलगायींसाठी मीठ कुंडीत शिंपडू नका, गोगलगाय मरेल पण माती खराब होईल आणि झाडही जाईल. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला टॉर्च घेऊन जा, पानांच्या मागे आणि कुंडीच्या काठाखाली सापडतात, चिमट्याने उचला आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाका. हातमोजे घाला, नुसत्या हाताने धरू नका. चार-पाच रात्री केलं की फरक दिसतो. नीमतेल मारायचं तर लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी, आणि आकाश बघून. तासाभराने सर आली तर सगळं धुऊन गेलं.

मृग लागला की उत्साहात कोथिंबीर-पालक पेरणारे खूप आहेत. उघड्यावर जोराच्या सरीने बी वाहून जातं, उगवलं तर रोप मानेत, म्हणजे मातीलगतच्या देठाशी, कुजतं. त्यापेक्षा भेंडी, काकडी, दोडका, घोसाळं, माठ लावा. जास्वंद आणि मोगऱ्याच्या फांद्या लावायलाही हेच दिवस चांगले. कोथिंबीर करायचीच असेल तर छपराखाली, धणे रगडून दोन फाकी करून.

अडेनियम, कोरफड, निवडुंग हे आत घ्या. अडेनियमचं खोड दाबून बघा, टणक असेल तर ठीक, मऊ लागलं तर तेवढा भाग कापायची वेळ आली.

आणि गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके आले म्हणून घाबरून आत्ताच मोठी छाटणी करू नका, ठिपक्यांची पानं तेवढी तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका. मोठी छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला.