हुरड्याचे पाहुणे येण्याआधी

हुरड्याच्या हंगामाची तयारी पेरणीआधी सुरू होते. त्यामुळे कृषी पर्यटन केंद्र चालवत असाल तर ही यादी दसऱ्याची वाट न पाहता गणपती उठले की हातात घ्या, आणि पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या घरी जा.

एका वावरातला हुरडा जेमतेम आठवडाभर, फार तर दहा दिवस खाण्याजोगा राहतो. दाण्यातला चीक घट्ट झाला की ती ज्वारी झाली. पाहुणे मात्र डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत येत राहतात. एकट्याच्या शेतावर हा हंगाम निभत नाही. तीन-चार शेजाऱ्यांना एकत्र बसवा आणि कोणी कधी पेरायचं ते ठरवा. दोन पेरण्यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. बियाणं गूळभेंडीसारखं घ्या, चोळल्यावर दाणा सहज सुटणारं. कणसं वजनावर घ्यायची की उक्ती, म्हणजे अख्ख्या वावराची एकच रक्कम ठरवून, हे पेरणीआधीच बोला. माझं मत वजनाच्या बाजूने आहे. शेजाऱ्याच्या हातात रोजच्या रोज पैसे पडतात, कडबा त्याच्या जनावरांना राहतो आणि उक्त्यात पाखरांनी खाल्लेलं नुकसान कोणाचं, हा वादच उरत नाही. जे वावर सगळ्यांत आधी भरतं त्यावर पाखरं तुटून पडतात, म्हणून गोफण घेऊन राखणीला बसणाऱ्याची मजुरी सगळ्यांनी वाटून घ्यावी.

कागदपत्रांना फार वेळ लागू नये. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याप्रमाणेच शेतीच्या सहकारी संस्थेला आणि शेतकरी उत्पादक कंपनीलाही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. शेजारी खरोखर सोबत येत असतील तर संस्थेच्या नावाचा विचार आधी करा. जेवण देणाऱ्यांची अन्न सुरक्षेची नोंदणीही याच फेरीत उरकून घ्या.

आता स्वयंपाक. यात घाई करू नका, कारण केंद्राचं नाव होतं ते भाकरीमुळे आणि भाकरी थापणाऱ्या बायांना सर्वांत कमी पैसे मिळतात. काम गावातल्या महिला बचत गटाकडे सोपवा, पण रोजंदारीवर नको, ताटामागे दर ठरवा. पीठ कोणाचं, सरपण कोणाचं, भांडी घासायला वेगळी बाई आहे का, हे बोलून घ्या आणि वहीत लिहा. किती ताटं लागणार ते आदल्या संध्याकाळी गटाला कळलं पाहिजे. ऐनवेळी वीस माणसं वाढली तर जास्त दर द्या. पैसे त्याच दिवशी, त्या घरी निघायच्या आधी द्या. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ या गोष्टी गावातल्याच घरांतून घ्या. बाजारातून आणलेलं स्वस्त पडतं, पण मग गावाला या पाहुण्यांचं काय कौतुक राहणार? आणि चुलीपुढे बसलेल्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही, हे पाहुण्यांना आल्याआल्या सांगा. ती कामावर आहे.

कणसं भाजायच्या आगटीसाठी गोवऱ्या आधीपासून साठवा, त्या कोरड्या जागी हव्यात. कणसं भाजणारा आणि गरमागरम चोळणारा माणूस जाणता लागतो. गावात असे म्हातारे अजून आहेत. त्यांना मानाने बोलवा, मानधन द्या आणि शेजारी एखादा तरुण शिकायला बसवा.

बांधापलीकडचं शेत आपलं नाही, हे शहरातल्या पाहुण्याला ठाऊक नसतं. तो घाटे आलेला हरभरा दिसला की उपटतो. म्हणून हरभऱ्याचं एक वावर त्यासाठीच ठरवा, त्याच्या मालकाला आगाऊ पैसे द्या आणि बाकीच्या बांधांवर दोरी बांधा. विहिरीला कठडा नसेल तर तो हंगामाआधी बांधून घ्या. रस्त्याचंही असंच. हेच दिवस ऊसतोडीचे असतात. पाहुण्यांच्या गाड्या आडव्या लागल्या आणि उसाची ट्रॉली अडली तर गावाचा राग रास्तच आहे. गाड्यांसाठी जागा आत करा. डीजे नको, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी नको. कचरा पाहुण्यांसोबत परत जाईल असं बघा, नाहीतर तो उचलण्याचे पैसे ग्रामपंचायतीकडे भरा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) आहे का हे स्वतः जाऊन विचारा, आणि रात्री गाडी काढेल असा माणूस नक्की करून ठेवा.

गावाला हे पटत नसेल तर चार जणांना भिलारला नेऊन आणा. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, आणि पुस्तकं गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांत ठेवली आहेत. वाचणारा परका माणूस ओसरीवर बसलेला चालतो, हे त्या घरांनी ठरवलं म्हणून ते उभं राहिलं. शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोलीही पाहण्याजोगं आहे. तिथे पाहुणा येतो मोरासाठी, आणि मोर काही एकाच शेतात फिरत नाही.

खोल्या भरल्या की पुढचा पाहुणा गावातल्याच दुसऱ्या केंद्राकडे पाठवा, आणि दोघांचे दर सारखे ठेवा. दर पाडून ओढलेला पाहुणा पुढच्या वर्षी तिसऱ्याकडे जातो आणि तोवर सगळ्यांचेच दर पडलेले असतात.

शेवटची बैठक शिमग्याच्या आसपास घ्या. वही सगळ्यांसमोर वाचा, बचत गटाचं आणि शेजाऱ्यांचं देणं तिथेच चुकतं करा, बियाण्यासाठी राखलेली कणसं वाटून घ्या. ज्याची पेरणी यंदा शेवटची होती त्याला पुढच्या वर्षी पहिली पाळी द्या, म्हणजे नाताळच्या सुट्टीतली गर्दी त्याच्या वावरात जाईल.