सुवार्तिकांना मदत करताना मंडळीने या चुका टाळाव्यात

विदर्भातील खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, दानार्पण कापूस आणि सोयाबीन यांच्या मागे चालते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास विकले जाते, कापसाचे पैसे वेचणीप्रमाणे टप्प्याटप्प्याने येतात आणि जून-जुलैत बियाणे व खतापायी घरात रोकड उरत नाही. तरीही हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेत, थैली भरलेली पाहून मंडळीचा कारभार पाहणारी पंचकमिटी सुवार्तिकाला, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या प्रचारकाला, दरमहा ठरावीक रकमेचा शब्द देऊन बसते, आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. आमच्या मंडळीनेही ती केली. पेरणीच्या दिवसांत दोन महिने रक्कम गेली नाही, त्याहून वाईट म्हणजे कोणी फोनही केला नाही, आणि मेळघाटातल्या त्या सुवार्तिक भावाने किराणा उधारीवर आणल्याचे आम्हाला पुढच्या भेटीत कळले.

यावर उपाय असा की मागील तीन वर्षांचे दानार्पण महिन्यानुसार मांडावे, त्यातला सर्वांत कोरडा महिना पाहावा आणि दरमहाचा शब्द त्या महिन्याला पेलेल एवढाच द्यावा. हंगामात जास्त आलेली रक्कम इमारतीच्या रंगरंगोटीत न घालवता पावसाळ्याच्या हप्त्यांसाठी राखून ठेवावी. मिझोराममधील मंडळ्यांत स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवकार्यासाठी बाजूला काढतात. ही प्रथा 1910 पासून चालत आली आहे. आपल्याकडे ज्वारी किंवा तूर अशीच गोळा करता येईल, पण ती त्याच आठवड्यात विकून पावती फाडावी, कारण सोंडे कमिटीच्या बैठकीची वाट पाहत नाहीत.

खजिनदाराच्या वैयक्तिक मोबाईलवरून पैसे पाठवणे सोयीचे वाटते. मात्र वाद तिथूनच सुरू होतात. बायबलमध्ये करिंथ शहरातल्या मंडळीचे दान नेताना कोणी दोष लावू नये म्हणून प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन बंधू पाठवले होते. मंडळीचे खाते, दोन सह्या आणि उपासनेत वाचलेला हिशेब एवढे पुरे.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत खेड्यातल्या मंडळ्या फार भोळेपणाने वागतात. एफसीआरए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 2010 च्या कायद्यानुसार परकीय देणगी घेण्यासाठी संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही ती देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून ‘मोठ्या मिशनच्या खात्यातून घेऊ’ ही पळवाट उरलेली नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय मानली जात नाही. तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याची मात्र मानली जाते. त्यामुळे रक्कम स्वीकारण्यापूर्वी देणाऱ्याचे नागरिकत्व विचारावे.

मराठी पुस्तिकांचे गठ्ठे पाठवून मदत केल्याचे समाधान मानणे ही आणखी एक चूक होय. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, तर गडचिरोलीतील माडिया द्रविड कुळातील, आणि दोन्हींचे मराठीशी नाते नाही. काय पाठवायचे, हे सुवार्तिकालाच विचारावे. भेटीला जायचे असेल तर तारीखही त्यालाच ठरवू द्यावी, कारण मजुरीसाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबे होळीला गावी परततात आणि एरवी गेल्यास मंडळीच्या पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) अर्ध्या घरांना कुलूपच दिसते.