तारखा हाती घेऊन जुन्या मुंबईची रात्र कशी पाहावी

मुंबईच्या गुन्हेगारीचा इतिहास पाहायला निघालेले बहुतेक जण कुख्यात माणसांची घरे शोधत फिरतात. माझा आग्रह वेगळा आहे. दारूबंदीचा कायदा, सोन्यावरील नियंत्रण आणि गिरणी संप यांच्या तारखा वहीत उतरवून घ्याव्यात आणि त्या क्रमाने शहर पाहावे, म्हणजे टोळ्या कशावर पोसल्या गेल्या हे उमगते. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास निघाल्यास रात्री नऊपर्यंत फेरी पुरी होते. सोबत लोकलचा दिवसभराचा पास आणि पाण्याची बाटली असावी.

सुरुवात धोबीतलावापासून करावी. मेट्रो सिनेमाजवळच्या जेर महाल या जुन्या इमारतीत गोव्याच्या गावांच्या ‘कुडी’, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांसाठीची सामायिक निवासगृहे, आहेत. बोटीवरचे खलाशी आणि बँडमधले वादक तिथे स्वस्तात राहत. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर याच परिसरातील घरांत चोरून दारू विकणारे ‘आंटीचे अड्डे’ चालू झाले, तर माहीमच्या खाडीकाठी आणि धारावीत हातभट्ट्या पेटल्या. टोळीप्रमुख वरदराजन मुदलियारचे बळ या हातभट्टीच्या धंद्यातून वाढले. कायद्याने पिणे थांबले नाही. विकणारे मात्र बदलले.

तिथून चालत सीएसएमटी गाठावे आणि लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरावे. डोंगरीत पाहायचे ते उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाचे आवार. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे टोळ्यांच्या गोष्टींच्या गर्दीत विसरले जाते याचे मला वाईट वाटते. आता तिथे मुलांचे सुधारगृह असल्याने आवार बाहेरूनच पाहावे. पूर्वेला गोदी आहे. मुंबई प्रांताचे गृहमंत्री म्हणून दारूबंदी रेटणारे मोरारजी देसाई पुढे केंद्रात अर्थमंत्री झाले आणि १९६३मध्ये त्यांनी सोन्यावर नियंत्रण आणले. आतल्या आणि बाहेरच्या भावातील फरकावर तस्करी फोफावली, आणि एकेकाळी गोदीत हमाली करणारा हाजी मस्तान श्रीमंत झाला. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला.

पुन्हा लोकल पकडून चिंचपोकळीला उतरावे, आणि इथे मात्र घाई करू नये. लालबागच्या हनुमान थिएटरात रात्रपाळी नसलेले कामगार तमाशाला गर्दी करीत. याच गिरणगावात मटका, म्हणजे आकड्यांचा जुगार, घरोघरी पोहोचला. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर आकडा लागे. ते भाव येणे बंद झाल्यावर १९६२मध्ये कल्याणजी भगत याने आणि १९६४मध्ये रतन खत्री याने आपापला मटका सुरू केला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबले, आणि बेकार झालेल्या घरांतील काही मुले टोळ्यांच्या हाती लागली. चाळींचे फोटो काढण्याआधी तिथल्या एखाद्या ज्येष्ठ रहिवाशाला ‘काका, तुम्ही कोणत्या गिरणीत होता?’ असे विचारावे. बहुधा तेच पुढचा रस्ता दाखवतात. कामाठीपुरा फेरीत मुळीच घेऊ नये. तिथे बायका राहतात आणि काम करतात. त्यांना पाहायला जाणे मला चुकीचे वाटते.

करी रोडवरून चालत लोअर परळला यावे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि कमला मिलच्या आवारात पब आहेत. डिसेंबर २०१७च्या आगीत तिथे १४ जणांचा जीव गेला. डान्स बारची कहाणीही इथेच सहप्रवाशांना सांगावी: २००५मध्ये राज्याने बंदी घातली, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, तरी २०१६च्या नव्या कायद्याने अडथळे उभे केले आणि २०१९मध्ये न्यायालयाने त्यातील अनेक अटी काढल्या.

शेवटी चर्चगेटची गाडी पकडावी. वीर नरिमन रोडवर १९५६पासूनचे गेलॉर्ड अजून उघडे असते. जवळच अॅस्टोरिया हॉटेलच्या व्हेनिसमध्ये गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांचा जॅझ रंगत असे. गेलॉर्डच्या बाहेरच्या टेबलावर चहा मागवावा आणि दुपारी धोबीतलावाला पाहिलेल्या कुडींतले वादक रात्री वाद्ये घेऊन याच रस्त्यावर येत असत, हे सोबतच्यांना इथे सांगावे.